फेस मरेपर्यंत

प्रयोगशाळेत तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे नाहीबाई. काहीही मागायला जा, पहिलं उत्तर ‘नाही’. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते तिला आवडतही होतं.

काम तिचं धुण्याचं. बाळंतपणानंतर दवाखान्यात जी नाळ फेकून देतात, ती तिच्याकडे बर्फाच्या डब्यातून येई. बाई तिच्यातली रक्तवाहिनी अलगद सोडवून घेई, बॉलपेनच्या रिफिलएवढी बारीक. मग साबणाच्या द्रावणात ठेवून तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या. उरते ती नुसती पांढरी नळी. ती रोग्याच्या अंगात रक्तवाहिनी म्हणून बसवायची; शरीर तिला परकी मानणार नाही, अशी आशा. मोठ्या रक्तवाहिनीच्या जागी प्लास्टिकची नळी चालून जाते. बारीक नळीत मात्र रक्त गोठतं आणि वाट बंद होते.

हे तिला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. तिच्या दादाच्या पायातल्या शिरा काढून डॉक्टरांनी त्याच्या हृदयाला जोडल्या. पुढे रक्त पोचेना म्हणून पायच काळा पडला, तेव्हा तिथे जोडायला अंगात धड शीर उरली नव्हती. पाय गुडघ्याखाली कापला. त्या दिवसापासून बाईचा कुणावर तरी राग होता, आणि कुणावर ते ठरत नसल्यामुळे तो सगळ्यांच्याच वाट्याला येई.

तीन मेंढ्यांच्या मानेत तीन नळ्या बसवून झाल्या होत्या. तिन्ही आठवड्याच्या आत बंद. चौथीही बंद पडली तर काम गुंडाळायचं, असा वरून निरोप आला. प्रयोगशाळेच्या सरांनी बैठकीत सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “बाईंचा हात जड आहे. नळी आतून खरचटते.”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीत येऊन तिने चौथ्या नळीचं शेवटच्या धुण्याचं पाणी बाटलीत घेतलं, झाकण लावलं आणि गदागदा हलवलं. वर बोटभर फेस! तिच्या आईने लोकांचे कपडे धुऊन घर चालवलं होतं. फेस मरेपर्यंत कपडा पाण्यातून काढायचा नाही, नाहीतर घालणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, असं ती बजावायची. इथे तर साबण थेट रक्ताला लागत होता, मग ते गोठणारच. लेखी पद्धतीत साबण पाण्याने काढायला चोवीस तास लिहिलेले, आणि चोवीस तास भरले की सगळे हात पुसून मोकळे. तीन वेळा तीही मोकळी झाली होती. ते आठवून तिला स्वतःचाही संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती. नळी फ्रीजबाहेर काढायला बाईची सही लागे.

“नाही,” बाई म्हणाली.

“नाही म्हणजे?” सर म्हणाले. “सर्जन मॅडम एवढ्या लांबून आल्यात.”

“आत साबण राहिलाय.”

“चोवीस तास झालेत ना?”

“साबणाला घड्याळ कळत नाही, सर.”

“मग मीच सही करतो. बाजूला व्हा.”

“करा की. पण आधी हे बघा, मग खुशाल करा.” आणि तिने सरांशेजारी उभ्या सर्जन मॅडमच्या नाकासमोर बाटली हलवली.

मॅडम फेसाकडे बघत राहिल्या. “तिन्ही वेळा मी हे शिवलं?”

“हो. आणि मी धुतलं,” बाई म्हणाली. “हात माझा जड नाही. पाणी कमी पडलं.”

मॅडमनी पिशवी उचलली. “चार दिवसांनी येते.”

चार दिवस सर तिच्याशी बोलले नाहीत. बाईचं काही अडलं नाही. ती पाणी बदलत राहिली, बाटली हलवत राहिली. चौथ्या दिवशी बाटलीत नुसतं पाणीच हललं, तेव्हा तिने सही ठोकली.

नळी बसवल्यावर महिन्याने चौथ्या मेंढीच्या मानेवर यंत्र धरलं आणि खोलीभर सूं-सूं आवाज घुमला. नळीतून रक्त वाहत होतं. बाईने तो आवाज फोनवर टिपला आणि घरी जाऊन दादाला ऐकवला. दादाने तो दोनदा ऐकला.

“माझ्या पायासाठी जरा उशीरच झाला म्हणायचा,” तो हसून म्हणाला.

“हो, झाला,” ती म्हणाली. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

पुढच्या नळीच्या वेळी सर स्वतःच बाटली घेऊन तिच्या दारात उभे राहिले. “बाई, जरा बघता का? मला तर स्वच्छ वाटतंय.”

बाईने बाटली हलवून उजेडात धरली. काठाला चार बुडबुडे चिकटून होते.

“नाही,” ती म्हणाली.

सर गुपचूप पाणी बदलायला गेले.