उताराचा बाक

माझ्या जुन्या वाद्यांच्या दुकानात सोल्डरचा वास आला की ओझरच्या वैशालीताई आठवतात. त्यांनी घरी सुटे भाग सोल्डर करून जोडलेला मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर काढणारं वाद्य, विकत घ्यायला मी गेलो होतो. भाव पाडायचा म्हणून म्हणालो, "ताई, स्वर विझताना विटेसारखा सरळ पडतोय. भंगार आहे हे."

स्वर किती मोठा-बारीक व्हावा हे ठरवणारा सिग्नल ताईंनी अॅम्प्लिफायरमधून फिरवला आणि तो अॅम्प्लिफायरही त्याच सिग्नलवर चालवला, म्हणजे सिग्नल उतरताना स्वतःलाच आणखी दाबत गेला. सरळ उताराला बाक आला. गेट बंद केल्यावर पाटाचं पाणी आधी भसकन उतरतं, मग रेंगाळतं, तसा स्वर विझला.

"परत वाजवा ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"भंगार परत ऐकायचंय?" ताई हसल्या. "राहू द्या शेठ, आता नाही विकायचा."

इतका देखणा उतार पुन्हा कुठे ऐकला नाही. त्यांच्या नकाराचा माझा रागही तसाच, अर्धा परतीच्या वाटेतच उतरला; उरलेला अजून रेंगाळतोय.