नेर्लेकरांचा ओला थर्मामीटर

वर्कशॉपमध्ये नोकरी केली की लोखंडाचा कीस घरी येतो. चपलेत येतो, पर्समध्ये येतो, एकदा तर माझ्या डब्यातल्या कोशिंबिरीत निघाला होता. किस्से तसेच. मी काही ते लिहून ठेवले नाहीत. पण अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं ड्रॉइंग काढली, आणि आता शुक्रवारी खलिफा सिटीत कुणाकडे चार मराठी घरं जमली की चहाबरोबर कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या त्या नेर्लेकरांचं सांगा ना."

नेर्लेकर मूळचे इचलकरंजीचे. तरुणपणी सूतगिरणीत मेन्टेनन्सला होते, मग एसी मेकॅनिक म्हणून अबू धाबीला आले आणि पुढे अबू राशिद नावाच्या स्थानिक भागीदाराबरोबर त्यांनी हे वर्कशॉप काढलं. आम्ही पाण्याच्या टाक्या, डक्ट, शेड असलं बनवायचो. बाकी वेळात नेर्लेकर काहीतरी शोधून काढायचे. त्यांचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही. त्यांनी कधी पाठवलंही नाही.

* * *

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझा डिप्लोमा पाहिलाच नाही. विचारलं, "शेवडेबाई, जुलैत घरी अंघोळ कशी करता?"

मी दचकले. शेजारी नवरा बसला होता, तोही दचकला. मग प्रश्न लक्षात आला. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. म्हणून लोक गीझर बंद करून ठेवतात. गीझर घरात, एसीच्या गारव्यात, त्यामुळे त्यात साठलेलं पाणीच तेवढं गार राहतं. मी तसं सांगितलं.

"बरोबर. हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे," ते म्हणाले. "पण लेबर कॅम्पमधल्या माणसाकडे गीझर कुठाय?"

नोकरी लागली. माझं पहिलं ड्रॉइंग म्हणजे जमिनीत पुरायची टाकी. कॅम्पच्या भिंतीच्या सावलीत खड्डा, त्यात फायबरची टाकी, वर वाळू, वर एक साधं छप्पर आणि छोटा पंप. कॅम्पचा मॅनेजर हसला. म्हणाला, पाणी पुरून ठेवायला तो काय खजिना आहे? नेर्लेकरांनी त्याला फक्त एक महिना मागितला.

दुसऱ्याच आठवड्यात त्याचा चिडून फोन आला. शेजारच्या तीन कॅम्पमधली माणसं खांद्यावर टॉवेल टाकून त्याच्या गेटवर रांगेत उभी होती. नेर्लेकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या कॅम्पवाल्यांचे नंबर द्या."

त्या उन्हाळ्यात आम्ही सात टाक्या पुरल्या.

* * *

बशीर आमचा सगळ्यात चांगला वेल्डर. केरळचा, बोलायला कमी. एका दुपारी तो लोखंडी टाकीच्या आत बसून जोड मारत होता आणि मारता मारता आतच पडला. दोघांनी पाय धरून बाहेर ओढला. हॉस्पिटलमध्ये सलाइन लावलं, तिसऱ्या दिवशी परत आला. डॉक्टर म्हणाले होते, अजून पाव तास गेला असता तर आणायचा उपयोग नव्हता.

नेर्लेकर त्या दिवशी कुणावर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन थर्मामीटर घेतले, एकाच्या टोकाला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळली, ती पाण्याच्या बाटलीत सोडली आणि दोन्ही घेऊन स्वतः त्या टाकीत जाऊन बसले. दर दहा मिनिटांनी आतून आकडे सांगायचे, मी बाहेरून लिहायचे. मध्येच वहिनींचा, म्हणजे नेर्लेकरांच्या बायकोचा, ऑफिसात फोन आला. साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं.

"टाकीत बसलेत," मी म्हटलं.

मग वहिनी म्हणाल्या, "जेवायला बाहेर येणार आहेत का तेवढं विचारा."

जेवताना त्यांनी मला ते समजावलं. कोरडा थर्मामीटर हवा किती तापली आहे ते सांगतो. ओला सांगतो की घाम वाळतोय की नाही. घाम वाळला नाही तर माणूस आतून शिजतो. हे त्यांना सूतगिरणीत कळलं होतं. तिथे हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्याच्या भिंतीवर असे दोन थर्मामीटर लावलेले असायचे.

"सुतासाठी लावतात," ते म्हणाले. "माणसासाठी कुणी लावलेले मी अजून पाहिले नाहीत."

संध्याकाळपर्यंत वर्कशॉपच्या दाराशी फळी लागली. त्यावर दोन थर्मामीटर, आणि ओल्याच्या तिसाच्या आकड्यावर लाल रंगाची रेघ. पारा रेघेच्या वर गेला की काम बंद, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. वाचायचं काम बशीरचं.

* * *

काम बंद ठेवून धंदा चालत नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून टाकीच्या आत बसणाऱ्या माणसाला गार हवा कशी द्यायची, हे डोक्यात घेतलं. वेल्डिंगच्या हेल्मेटला मागून भोक पाडून कॉम्प्रेसरची नळी जोडली. बशीरने ते डोक्यावर चढवलं आणि दोन मिनिटांत काढून ठेवलं.

"साब, इसमें तो पूरा पेट्रोल पंप है."

कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा वास येतोच. कापूस लावून पाहिला, कोळसा भरून पाहिला. मंदी नावाचा मटण-भात करणाऱ्या येमेनी हॉटेलातून पोतंभर कोळसा आणला होता, तर हेल्मेटमधून काळी हवा आली आणि बशीर आठवडाभर शिंकत राहिला. शेवटी नेर्लेकरांनी कॉम्प्रेसरच सोडून दिला. एक दिवस कुठूनतरी बिनतेलाचा छोटा ब्लोअर आणला, तो बाहेर सावलीत ठेवला, आणि त्याची नळी बर्फाच्या पेटीतून वेटोळी घालून हेल्मेटपर्यंत नेली. बशीर दीड तास आत बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "खलास. अब ये मैं वापस नहीं देगा."

चार दिवसांनी वहिनी वर्कशॉपवर आल्या. असं त्या कधी येत नसत. सगळीकडे फिरून पाहिलं, टाकीपाशी थांबल्या, ब्लोअरकडे बराच वेळ बघितलं.

"हा माझा व्हॅक्यूम क्लीनर आहे," त्या म्हणाल्या.

वहिनींनी टाकीत वाकून बशीरला पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तीनशे दिरहमचा होता हो. रुपयांत काही हजार होतात." आणि गाडीत जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांच्या घरी केरसुणी आली ती मी स्वतः पाहिली आहे.

* * *

त्यांची मुलगी केतकी इथेच वाढलेली. शाळेत सायन्स एक्झिबिशन होतं. बाबांनी मोठ्या उत्साहाने तिला दोन थर्मामीटरची फळी करून दिली. तिने ती एकदा उलटसुलट पाहिली.

"बाबा, इट्स जस्ट टू थर्मोमीटर्स अँड युअर बनियन."

तरी नेली बिचारीने. पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं, त्यातून खरा धूर येत होता. परीक्षकांनी केतकीला विचारलं, याचा उपयोग काय? ती म्हणाली, "इट टेल्स यू व्हेन टू स्टॉप." परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

हे तिने घरी सांगितलं तेव्हा नेर्लेकरांनी ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी फळीवर ते इंग्रजीत रंगवून घेतलं. खाली उर्दूत, मल्याळममध्ये आणि बंगालीत. मराठीत लिहायची गरज नव्हती, मराठी वाचणारे आम्ही दोघंच होतो.

* * *

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही.

आम्हाला एका मोठ्या साइटचं काम मिळालं होतं. वाळवंटात सहा टाक्या उभ्या करायच्या. पहिल्या टप्प्यात दोन, काम आवडलं तर बाकीच्या चार आम्हालाच. ऑगस्ट महिना. थर्मामीटरची फळी साइटवरही नेली होती. आदल्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता आणि काम व्यवस्थित चाललं होतं. त्या दिवशी समुद्राकडून वारा सुटला, पारा एकोणचाळीसवर आला. सगळे म्हणाले, आज बरं आहे. अकरा वाजता बशीर नेर्लेकरांकडे आला आणि नुसतं बोट दाखवलं. ओला थर्मामीटर रेघेच्या वर गेला होता.

नेर्लेकरांनी तिसाच्या तीस माणसांना खाली उतरवलं.

कन्सल्टंटचा साइट इंजिनिअर गाडीतून उतरून तरातरा आला. चांगला माणूस होता, पण त्याच्यावरही वरून दडपण होतं. क्रेन भाड्याने आणलेली, टाकीचं झाकण अर्धं लागलेलं. त्याने कोरड्या थर्मामीटरवर बोट ठेवून विचारलं, काल यापेक्षा सात डिग्री जास्त होतं तेव्हा काम केलंत, आज का नाही? नेर्लेकरांनी त्याला सूतगिरणीपासून सांगायला सुरुवात केली. त्याला तेवढा वेळ नव्हता. तो म्हणाला, दहा मिनिटांत माणसं वर चढली नाहीत तर उरलेल्या चार टाक्या विसरा. आणि सरळ अबू राशिदना फोन लावला.

अबू राशिद तासाभरात आले. सत्तरीचे गृहस्थ, मुंबईला येऊन-जाऊन हिंदी शिकलेले. लायसन्सवर त्यांचं नाव होतं, त्यामुळे शब्द त्यांचाच चालणार होता. इंजिनिअरने आपली बाजू मांडली. नेर्लेकर माणसांना मीठ-साखरेचं पाणी देत राहिले. मी फाइल छातीशी धरून उभी होते. त्या चार टाक्यांवर आमचं पुढचं वर्ष होतं, हे मला माहीत होतं, कारण त्यांची ड्रॉइंग मीच काढून ठेवली होती.

अबू राशिदनी थर्मामीटरकडे पाहिलं नाही. गाडीच्या सावलीतून बाहेर आले, डोक्यावरचा गुत्रा, तो पांढरा अरबी रुमाल, काढून हातात घेतला आणि तसेच उन्हात उभे राहिले. दोन मिनिटं असतील. मग त्यांनी कपाळावरून हात फिरवला, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "रतूबा."

रतूबा म्हणजे दमटपणा.

इंजिनिअर काहीतरी म्हणू लागला. अबू राशिदनी गुत्रा परत डोक्यावर घेतला. "आज काम खलास," ते त्याला म्हणाले. नेर्लेकरांकडे वळून म्हणाले, "तुम घर जाओ. तुम्हारा मुँह भी लाल है." आणि गाडीत बसून निघून गेले.

चार टाक्या दुसऱ्या कुणाला मिळाल्या. मी काढलेली ड्रॉइंग गुंडाळून कपाटावर ठेवली. पाच महिने वर्कशॉपमध्ये फारसं काम नव्हतं. नेर्लेकरांनी कुणाला काढलं नाही, वहिनींची गाडी विकली. तो दिवस योग्य होता की नाही, याची चर्चा आमच्यात कधी झाली नाही. बशीर मात्र त्यानंतर साहेबांच्या आधी कधी जेवायला बसला नाही.

* * *

त्या रिकाम्या दिवसांत अबू राशिदच एकदा आले. वाळवंटातल्या लिवा भागात त्यांची खजुराची बाग होती आणि त्यांचा माळी झाडावरून पडून कंबरेत मोडला होता. खजुराला फळ धरायचं तर नर झाडाचे पराग दर वर्षी मादी झाडाच्या फुलांवर हाताने घालावे लागतात, त्यासाठी प्रत्येक झाडावर चढावं लागतं. त्यांनी विचारलं, खालून होईल का?

नेर्लेकरांनी ॲल्युमिनियमचा लांब पाइप घेतला, टोकाला डबी बसवली आणि बुडाला सायकल रिक्षाच्या भोंग्याचा रबरी फुगा लावला. फुगा दाबला की वर पराग उडायचे. अबू राशिदनी पहिल्या वर्षी अर्ध्या बागेवर हा पाइप वापरला आणि अर्ध्या बागेत माणसं चढवली, कारण त्यांचा विश्वास नव्हता. फळ दोन्हीकडे सारखंच धरलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या भावांनी पाइप मागितले, मग शेजाऱ्यांनी, आणि आमचं वर्कशॉप पुन्हा जोरात चालू लागलं. पेटंट घ्या म्हणून मी मागे लागले. ते म्हणायचे, इन्शाल्ला, हंगाम संपला की बघू.

तीनेक वर्षं गेली. एकदा आम्ही नट-बोल्ट घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर कोपऱ्यात आमचा पाइप उभा. रंग हिरवा, वर चकचकीत स्टिकर. बाकी तोच. नेर्लेकरांनी तो उचलला. दुकानदार लगबगीने आला.

"ले लो साब, जर्मनी का माल है. लोकल मत लेना. इधर मुसफ्फा में कोई इंडियन बनाता है, उसका रबर छह महीने में फट जाता है."

माझे कान तापले. मी बोलणार तेवढ्यात नेर्लेकरांनी मला हातानेच थांबवलं. त्यांनी डबी उघडली, आत बोट घातलं. फुगा दाबून पाहिला, पुन्हा दाबला. पाइप उलटा केला. मग चष्मा कपाळावर घेऊन बुडाचा जोड अगदी डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"केवढ्याला?" त्यांनी विचारलं.

"नब्बे दिरहम."

"दोन द्या," नेर्लेकर मराठीत म्हणाले, आणि पाकीट काढता काढता माझ्याकडे वळले. "शेवडेबाई, कागद आहे का? हा जोड उतरवून घ्या. फार सुंदर काम केलंय हो त्याने."