शेवटच्या सायकलचा लाल दिवा

काका पुन्हा थांबले. एक पाय खाली टेकवला, मागे वळले आणि मला हाताने खूण केली, "तू हो पुढे."

"काका, मला नाही होता येत पुढे. माझं कामच शेवटी राहायचं आहे."

क्राइस्टचर्चला मी सायकल टूरची गाइड आहे. सगळ्यात मागे चालणाऱ्या गाइडला आमच्यात स्वीप म्हणतात. कोणी दमो, कोणाची सायकल पंक्चर होवो, स्वीपच्या मागे कोणी राहता कामा नये. त्या दिवशीचा ग्रुप लिटल रिव्हरला निघाला होता. जुनी रेल्वेलाइन उखडून तिथे खडीचा ट्रेल केलाय, तळ्याच्या काठाकाठाने. तिथून पुढे व्हॅनने डोंगरापलीकडे आकारोआला. तिथल्या गल्ल्यांना फ्रेंच नावं आहेत, म्हणून आमच्या जाहिरातीत ही 'फ्रान्सची सफर'. असो.

काका मनमाडचे, मुलीकडे राहायला आलेले. मुलगी अश्विनी, हॉस्पिटलात नर्स. निघतानाच तिने मला बाजूला घेतलं होतं. "बाबा हट्टी आहेत. रेंगाळले की सरळ व्हॅनमध्ये घाला." आणि ती ग्रुपबरोबर पुढे गेली.

आता वॉकीटॉकीवर माझी बॉस ट्रेसी ओरडत होती. "यू आर हीप्स बिहाइंड! फारच मागे पडलात. पुढच्या गेटला व्हॅन आणते, त्यांना बसव."

काकांना ते कळलं. चेहरा उतरला. "आज व्हॅनमध्ये बसलो ना, तर अश्विनी मला परत कुठे न्यायची नाही. घरातच बसवून ठेवील."

"मग सारखे थांबता कशाला?" माझा आवाज चढला होता. "पाय दुखतायत?"

"पाय ठणठणीत आहेत गं. तू मागे आहेस, त्याचा त्रास होतो. अख्खी नोकरी मालगाडीवर गार्ड होतो. गार्डच्या मागे कोणी नसतं. मागून चाकांचा आवाज आला म्हणजे दुसरी गाडी धडकणार, गार्ड उडीच मारतो. मी निदान थांबतोय."

मला हसू आलं, आणि त्यांची दयाही आली. मी माझं केशरी जॅकेट काढून त्यांना घातलं. माझ्या सायकलचा मागचा लाल दिवा त्यांच्या सायकलला लावला आणि पुढे झाले. नियम मोडला होता, हे माहीत होतं. ट्रेसीला कळवलं, "व्हॅन नको. स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत, सगळं ठीक.

त्यानंतर काका एकदाही थांबले नाहीत. उलट मी आरशात बघायला हळू झाले की मागून घंटी वाजायची.

लिटल रिव्हरचं जुनं स्टेशन अजून उभं आहे. ग्रुप तिथेच खोळंबला होता. अश्विनी धावत आली, "बाबा, बरं वाटतंय ना?" काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. रिकाम्या ट्रेलवर मागे एक नजर टाकली, उतरले आणि ट्रेसीला लाल दिवा दाखवला.

"ट्रेन अराइव्ह्ड कंप्लीट, मॅडम."

शेवटच्या डब्याचा दिवा दिसला की गाडी वाटेत तुटली नाही, सगळी आली असं स्टेशनवर धरतात, हे त्यांनी मला नंतर समजावलं. ट्रेसीने मला सगळ्यांदेखत झापलं. कस्टमरला स्वीप करतात का? तिचं चूक नव्हतं.

आकारोआत अश्विनी हळूच म्हणाली, "पुढची टूर कधी आहे? आम्ही दोघं येऊ. बाबांना शेवटी ठेवा."

हल्ली कोणी मागे रेंगाळलं, तर मी पायांची चौकशी नंतर करते. नोकरी कुठे केली, ते आधी विचारते.