हक्कसोडपत्राच्या आदल्या दुपारी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी शनिवारी नखं कापतो, अमावास्येला मुद्दाम खरेदी करतो. भुताच्या गोष्टी सांगतो मात्र झकास... सोसायटीत लाईट गेले की मुलं मलाच बोलवायला येतात. पण ही गोष्ट रंगवलेली नाही. रंगवायला गेलो, तिथेच तर फसलो.

मी डोंबिवली पूर्वेला राहतो, वय चोपन्न. सोसायटीतला बिनविरोध निवडून आलेला स्त्रीवादी – दर महिला दिनाला भाषण माझंच.

आमच्या बाबांचा ठाण्यात कोपरीला फ्लॅट आहे, स्टेशनपासून सात मिनिटांवर. आई-बाबा दोघंही गेले. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा वारसांची नावं लागली – मी, आणि कल्याणला राहणारी माझी थोरली बहीण, वासंतीताई. आमच्या घरातली रीत अशी, की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करून आपला वाटा भावाला सोडायचा आणि भावाने तिला चांगली साडी घ्यायची. आत्याने केलं, आजोबांच्या बहिणींनी केलं. मी ताईला फोनवर म्हणालो, "सोमवारी अकराला रजिस्ट्रेशन आहे. तुझं काही नाही ना?"

"माझं काय असणार," ती म्हणाली.

मी साडी घेऊन मोकळा झालो.

रविवारी दुपारी दोन वाट्या श्रीखंड खाऊन आडवा झालेलो. (श्रीखंडाचाच प्रताप, म्हणाल. मीही तेच म्हणालो.)

स्वप्नात कोपरीचा हॉल... पण लांबच लांब, मागची भिंतच दिसेना. खुर्च्यांवर बायका. पुढे आत्या – तिला जाऊन वीस वर्षं झाली. तिच्या मागे नऊवारीतल्या, आणखी मागे चेहरेच न दिसणाऱ्या. सगळ्यांचे हात मांडीवर आणि उजवा अंगठा शाईने काळा. मी माईकवर. स्त्रियांच्या हक्कांवर असा काही बोललो म्हणता, मीच खिशात रुमाल शोधायला लागलो. भाषण संपलं. टाळी नाही. कोणी हलेना, कोणाची पापणी लवेना. आत्या शांतपणे म्हणाली, "छान बोलतोस रे. तुझे आजोबाही छान बोलायचे."

जागा झालो तेव्हा चार वाजलेले, उशी घामाने भिजलेली. नीलिमाने, माझ्या बायकोने, वर पंखा बघितला. चालू होता.

आता असला मसाला हातात आल्यावर मी गप्प बसणार? लगेच ताईला फोन लावला. आवाज खाली-वर करत, मध्ये थांबत, तब्येतीत सांगितलं. फक्त एक जागा गाळली. ती नीलिमालाही सांगितली नव्हती.

मग ताई म्हणाली, "आणि माझं?"

"तुझं काय?"

"मी दाराजवळच्या खुर्चीवर होते. हात वर केलेला. तू बघितलंस माझ्याकडे. मग म्हणालास, वेळेअभावी आपण इथेच थांबूया. आणि माईक बंद केलास."

गाळलेली जागा तीच होती. शब्दसुद्धा तेच.

"ताई, तुला कसं..."

"मला हे स्वप्न बाबा गेल्यापासून पडतंय रे. दर वेळी तू बोलत असतोस. आज पहिल्यांदा वळून बघितलंस." मग नेहमीच्या आवाजात, "उद्या अकरालाच ना? आधार कार्डाची झेरॉक्स एक लागेल की दोन?"

खरं सांगतो, स्वप्नापेक्षा मी त्या झेरॉक्सला जास्त घाबरलो.

"ताई... हात कशाला वर केला होतास?"

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. "मला सही करायची नाहीये, मिलिंद. बाबांचं शेवटची दोन वर्षं मी केलं. त्या घरावर माझं नाव पाहिजे मला. साडी नकोय."

मग आधी का नाही बोललीस, हे अगदी ओठांवर आलेलं. गिळलं.

सोमवारी आम्ही गेलो नाही. आता कागदावर दोन नावं आहेत. अर्धा वाटा गेला म्हणून माझा मुलगा माझ्याशी धड बोलत नाही, आणि कधी कधी मलाही चुटपुट लागते, खोटं कशाला बोलू.

माझा एक मित्र मानसोपचारतज्ज्ञ आहे. म्हणाला, "मनात खुपत होतं, म्हणून पडलं स्वप्न." म्हटलं, माझं ठीक आहे, पण तिला ते वाक्य कुठून कळलं? तर म्हणाला, "योगायोग," आणि चहा मागवला.

ताईला ते स्वप्न पुन्हा पडलेलं नाही. मला पडतं. दुपारीच. दाराजवळची खुर्ची रिकामी असते, बाकी सगळ्या भरलेल्या, आणि हल्ली एकेक हात वर जायला लागलाय. हे काय आहे, मला आजही सांगता येणार नाही.

परवा पुढून तिसऱ्या खुर्चीवर नीलिमा होती. हात वर. तिला काय म्हणायचं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.