सुनंदाने केलेली ऑपरेशनं

सुनंदा गेल्याचं शेजारणीच्या फोनवर कळलं. टेंभुर्णीच्या शाळेत आम्ही दोघी चौथीपर्यंत एका बाकावर बसायचो. पुढे माझी शाळा सुटली आणि ती पोटाची ऑपरेशनं करणारी डॉक्टर झाली. तिचे मालक भुलीचे डॉक्टर. जालन्यात दोघांचा दवाखाना होता, पण पाटीवर मोठं नाव साहेबांचंच.

माझे मालक एमआयडीसीत मिलमध्ये कामाला. त्यांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा त्यांना तिच्याकडेच नेलं. सासूबाई थेटरच्या दारातच अडल्या. "बाईमाणूस पोट फाडणार? साहेबाला बोलवा." साहेब म्हणाले, "आजी, मीच करतो. तुम्ही बसा." सुनंदा हात धुऊन मागेच उभी होती, ऐकत… ऑपरेशन झाल्यावर साहेब टोपी काढत बाहेर आले आणि सासूबाई त्यांच्या पाया पडल्या.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तूच केलंस ना?"

"मंग काय त्यांनी? त्यांचं काम झोपवायचं," ती हसली. "लोक बाईकडून कापून घेत न्हाईत गं. दवाखान्याचा जम बसला की सगळ्यांला सांगणार हायेत ते. शब्द दिलाय."

जम बसला, वर मजला चढला, पण साहेबांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटची भेटली तेव्हा ती हसली नाही. "लोकांचं काय न्हाई गं, लोक परके. पण ह्यांनी…" एवढंच बोलली.

दवाखान्यातच ठेवलेल्या शोकसभेत साहेब माइकवर रडले. म्हणाले, "माझ्या प्रत्येक ऑपरेशनला ती मदतीला उभी असायची." सगळ्यांनी माना हलवल्या. आता कशाची भीती होती त्यांना? मेलेल्या बायकोला तिच्या कामाचं श्रेय द्यायला काय जात होतं?

मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी जिन्यापाशी त्यांना गाठलं. "माझ्या मालकाचं पोट सुनंदानं शिवलं, साहेब. तुमाला म्हाईत हाय."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "चहा घेऊन जा, ताई."

मी चहा न घेता मागच्या दाराने निघाले. तिथे अडगळीत तिचा लाकडी पाट पडला होता. ती बुटकी, त्यावर उभी राहिली तरच टेबलाशी हात पोचायचे. दोन पावलांच्या जागी त्याचा रंग उडाला होता. मी तो उचलून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्यावर बसून शेंगा निवडत होत्या. "कुणाचा गं हा पाट?"

"तुमच्या लेकाचं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरचा, आत्याबाई."

"साहेबाचा?"

"न्हाई. सुनंदाचा."

त्या पाटावरून उठल्या. शेंगांचं सूप घेऊन खाली फरशीवर बसल्या.