शेकरूचं शेपूट

जुन्नरकडं पिंपरी पेंढारला नवऱ्यासोबत वर्षभराच्या सालानं कामाला आल्यावर मी पहिल्यांदा आवाज करायला शिकले. उसाच्या कडेनं जायचं तर घमेल्यावर खुरपं आपटत जायचं, हात रिकामे असतील तर खोकत जायचं. माणूस येतंय हे बिबट्याला कळलं की तो आपणहून बाजूला होतो, असं इथले सगळे सांगतात. मी मुळात घाबरट. ही रीत माझ्या अंगात इतकी मुरली की न्हाणीत शिरतानाही मी आधी दोनदा खोकायचे.

तिकडं हिंगोलीला माय टीव्हीवर जुन्नरचे बिबटे बघायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. "खोकत जाय बाई," हे ठरलेलं. मग दुसरं, "पाडव्याला साल संपलं की दोघंबी इकडं या. पुन्हा जाऊ नका."

मला जायचं नव्हतं. सातवीत शाळा सुटल्यापासून मी आईबापाच्या मागं गावोगाव कामाला फिरले. इथं पहिल्यांदा एका जागी टिकले होते. मालकीणकाकूंनी आमच्या खोलीला लोखंडी दार बसवून दिलं, सुनेचा जुना मोबाईल मला दिला, फोटो काढायला शिकवलं. त्यांचे उपकार कसे फेडू, हे मला अजून कळत नाही. पण माय तिकडं झोपत नाही म्हटल्यावर माझाही घास उतरेना.

कांदालागणीला भीमाशंकरकडच्या डोंगरातून बाया यायच्या. त्यातल्या एकीला मी अक्का म्हणायचे. तिला सगळं सांगितलं.

"तुझ्या आयला नुसता बिबट्याच म्हाईत," ती म्हणाली. "तिला आमचं शेकरू दाखव. चल माझ्या घरी, फोटू काढ."

शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. मांजराएवढी, तांबूस, झुबकेदार शेपटीची. लागण उरकल्यावर गेले. सकाळी अक्का मला तिच्या वाडीमागच्या जंगलात घेऊन गेली. वर फांद्यांत काटक्यांची घरटी दिसत होती.

"ही सगळी एकाचीच. चार चार घरं बांधतं," अक्का हळूच म्हणाली. "आमच्या धन्याला एक शाकारायला सांगितलं तर कंबर धरतो."

तेवढ्यात तिनं माझं कोपर दाबलं. समोरच्या जांभळीवर तांबडं काहीतरी हललं. झाडी दाट, पुढचं दिसेना, आणि सवयीनं मी खोकले. चांगली घसा खरवडून खोकले. फांदी हलली आणि जांभळ रिकामी झाली.

"अगं, तू काय उसात हायेस का?" अक्का कपाळाला हात लावून हसायला लागली. "इथं कुणाला हाकलायचंय? आपण पावणं आलोय त्याच्याकडं!"

मला रडू यायला लागलं. मायला आता काय दाखवू? अक्कानं माझ्या बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपराकडं सरकवल्या, वरून माझाच पदर गुंडाळला आणि मला एका दगडावर बसवलं.

गप्प बसणं लई अवघड. पान पडलं तरी मी वळून बघायचे. खोकला घशापर्यंत यायचा, मी गिळायचे. मग हळूहळू जंगलच ऐकू यायला लागलं. वरून बारीक कुरतडल्याचा आवाज आला. माझ्या डोक्यावर एक सालपट पडलं, मग दुसरं. मान वर केली. शेकरू आमच्या डोक्यावरच्या फांदीवरच बसलं होतं, दोन्ही हातांत फळ धरून, आमच्याकडं बघत निवांत खात होतं. मी मोबाईल उचलला. बटण सापडून फोटो निघाला तेव्हा त्यानं पाठ फिरवली होती.

संध्याकाळी मायला तेवढाच पाठवला. लगेच फोन आला.

"हे काय, झाडाला झाडू अडकलाय का?"

"शेकरू आहे, माय. शेपूट आहे ते."

"आन् डोकं?"

"पानांत गेलं."

"तू कुठं होतीस?"

"खालीच. झाडाखाली बसले होते."

"खोकली नाहीस?"

"नाही."

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"मंग पाडव्याला तुम्ही नका येऊ," माय म्हणाली. "मीच येते. त्याचं डोकं कसंय ते बघू दे मला."