अडलं तर

संगणक सुरू केला की स्क्रीन रोज विचारायची, जुनी ऑपरेटिंग सिस्टीम की नवी? साठीनंतर मी नवी शिकायला घेतली तेव्हा लेक म्हणाली होती, "आई, जुनीही राहू दे. अडलं तर?" दोन वर्षं ती जुनी सिस्टीम अर्धी डिस्क अडवून बसली आणि मी ती एकदाही उघडली नाही. माणूस 'असू दे' म्हणत भीतीला किती जागा देऊन ठेवतो!

काल फोटो दुसरीकडे जपून ठेवले आणि जुनी सिस्टीम स्वतःच्या हातानं पुसून मोकळी जागा नवीला जोडली. पुसण्याआधी फोटो तीनदा तपासले, खोटं कशाला बोलू?

आज सकाळी संगणक काही न विचारता सुरू झाला. विचारलं ते लेकीनं, फोनवर. "अगं आई, आता अडलं तर?"

"मी आहे की," मी म्हटलं.